बाबांच्या वहीतला 'कारण' रकाना

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलं. त्याआधी चेअरमनसाहेबांनी जिन्यात नोटीस लावली, "आपापल्या डिश काढून घ्याव्यात, नंतर तक्रार ऐकली जाणार नाही." वर जाऊन पाहिलं तर एकूण एकोणीस छत्र्या. त्यातल्या चालू किती? फक्त तीन! बाकीच्या नुसत्याच गंजत, एकाच दिशेला तोंड करून उभ्या. त्यात एक आमची. काम करणाऱ्या पोराने विचारलं, "काका, ही ठेवायची का भंगारात?" मी एकदम काही बोललोच नाही. खरं तर भंगारातच द्यायची होती. पण त्या छत्रीपायी बाबांनी जितकी वर्षं फोनवर घालवली, तितकी कोणी पेन्शनच्या केससाठीही घालवली नसतील.

तर मंडळी, आजची पोस्ट त्या छत्रीची, आणि खरं म्हणजे त्या छत्रीतून जे दिसलं नाही त्याची. जरा लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

बाबा जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते हे आमच्या नातेवाइकांना माहीत आहेच. इतरांसाठी सांगतो, हा माणूस दुधाच्या रतिबाचीसुद्धा रकाने आखून नोंद ठेवायचा. डीटीएच घेतल्यावर त्यांनी त्याचीही एक वही केली. रकाने चार. दिनांक, तक्रार क्रमांक, बोलणाऱ्याचे नाव, आणि शेवटचा 'कारण'. ही वही टीव्हीखालच्या खणात असायची. बाबा गेले २०२० च्या पावसाळ्यात. वही मी ठेवून घेतली. (ताई, तू विचारत होतीस ना ती वही कुठे आहे? ती ही.)

परवा ती पुन्हा वाचली. तीन रकाने नीट भरलेले आहेत, सुवाच्य. चौथ्यात मात्र 'लवकरच', 'वरून प्रॉब्लेम', 'सॅटेलाइटवर जागा नाही', 'डिमांड नाही' असं काहीबाही. आणि बऱ्याच ठिकाणी नुसती आडवी रेघ. म्हणजे कारण विचारलं, पण मिळालं नाही. तेव्हा मी त्यांना हसायचो. "बाबा, एक चॅनेल नाही दिसलं तर काय बिघडलं? सोडा ना." आता वाटतं, निदान तो रकाना तरी आपण भरून काढावा. म्हणून थोडं वाचलं, थोडं आठवलं.

आधी थोडं मागे जाऊ. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. एकच चॅनेल, त्यामुळे 'चॅनेल नाही' ही तक्रारच नव्हती. असली तर 'लाइट नाही' ही तक्रार. १९९१ नंतर उपग्रहावरून स्टार आलं, १९९२ च्या २ ऑक्टोबरला झी टीव्ही आलं, आणि गल्लोगल्ली केबलवाले उगवले. या झाडावरून त्या गच्चीवर काळ्या वायरी. सरकारने त्यांच्यासाठी कायदा केला तो १९९५ साली, म्हणजे वायरी टाकून झाल्यावर. :-)

केबलवाल्याच्या काळातही चॅनेल गायब व्हायचे. पण तेव्हा एक सोय होती. केबलवाला खाली कोपऱ्यावरच राहायचा. महिन्याला पैसे न्यायला तोच यायचा, आणि तेव्हा बाबा दारात उभे राहून त्याला पाच मिनिटं ऐकवायचे. तोही म्हणायचा, "साहेब, मी काय करू, वरून आलं नाही." पण निदान दुसऱ्या दिवशी पोरगा शिडी घेऊन यायचा. मॅचच्या आदल्या दिवशी केबलवाला जितका नम्र असायचा तितका जावईसुद्धा नसतो.

वर नेमकं काय चालतं हे आपल्याला पहिल्यांदा क्रिकेटमुळे कळलं. २००४ चा पाकिस्तान दौरा आठवा. मॅच टेन स्पोर्ट्सकडे, आणि दूरदर्शनवर दिसणार की नाही हे सुप्रीम कोर्टात ठरत होतं. मग जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत पुन्हा तसंच. निंबसकडे हक्क, दूरदर्शनला सिग्नल हवा, प्रकरण कोर्टात. त्यातून फेब्रुवारीत अध्यादेश निघाला आणि मग २००७ चाच कायदा झाला, की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल प्रसार भारतीला द्यायलाच हवा. म्हणजे लोकांनी आरडाओरडा केला तर कायदासुद्धा होतो. पण तो झाला क्रिकेटसाठी, आणि दूरदर्शनसाठी. बाकी चॅनेलांचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

मधल्या काळात डीटीएच आलं. डिश टीव्ही २००३ साली, दूरदर्शनचं फुकटातलं डीडी डायरेक्ट २००४ च्या डिसेंबरात, टाटा स्काय (म्हणजे आताचं टाटा प्ले) ऑगस्ट २००६ मध्ये, मग सन डायरेक्ट, बिग टीव्ही, एअरटेल, व्हिडिओकॉन. दोन-तीन वर्षांत सहा-सात कंपन्या. आम्ही घेतलं ते २००८ च्या दिवाळीत. कोणाचं ते लिहीत नाही, आता त्याने काही फरकही पडत नाही. केबलवाल्याला बाबांनी स्वतः जाऊन सांगितलं, "आता आम्हाला नको." त्याला वाईट वाटलं असावं. आम्हाला मात्र एकदम मोठ्या शहरात राहायला गेल्यासारखं वाटलं होतं. चित्र स्वच्छ, मुंग्या नाहीत, आणि टोल-फ्री नंबर! बाबांना त्या टोल-फ्री नंबरचं फार कौतुक. "फुकट बोलता येतं रे." २००७ साली ट्रायने डीटीएचसाठी नियम केले होते की प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा आणि वर दाद मागायला अधिकारी नेमायचा. बाबांच्या वहीचा दुसरा रकाना या नियमातूनच आला.

आता एचडीकडे येतो.

२०११ च्या दिवाळीला मी बोनसमधून चाळीस इंची एलसीडी घेतला. त्याआधीचा २१ इंची डबा, ज्यावर आपण २ एप्रिलला धोनीचा षटकार पाहिला (आणि मामा सोफ्यावरून पडला), तो गावाकडे गेला. नवा टीव्ही लावला, आणि घरात शांतता पसरली. कारण चित्र वाईट दिसत होतं. जुन्यापेक्षा वाईट! माणसं बुटकी आणि जाडी. सचिन तर एकदम कोथिंबीर विकणाऱ्या मावशींसारखा रुंद. बाबा म्हणाले, "पंचेचाळीस हजार देऊन याला जाडा केलास?"

याचं कारण तेव्हा दुकानदारानेही सांगितलं नव्हतं. साधं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे साधारण सव्वाचार लाख ठिपके, आणि त्याचा आकार बहुतेक वेळा ४:३, जवळजवळ चौकोनी. नवा टीव्ही १६:९, लांबट, आणि त्यात १९२० बाय १०८० म्हणजे वीस लाखांवर ठिपके. चौकोनी चित्र लांबट खोक्यात ताणलं की माणूस रुंद होणार, आणि चार लाख ठिपके वीस लाखांच्या जागेत पसरले की चित्र भुरकट होणार. टीव्ही आधी आले, चित्रं मागून आली. लाखो घरांत त्या वर्षांत हेच झालं असणार. दुकानात मोठमोठे 'फुल एचडी' टीव्ही, दुकानदार त्यावर पेनड्राइव्हमधून मासे आणि फुलपाखरं दाखवणार, आणि घरी आल्यावर ताणलेली मालिका.

डीटीएच कंपन्यांनी एचडी सुरू केलं होतं २०१० मध्ये, एकामागून एक. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीच्या कॉमनवेल्थ खेळांसाठी दूरदर्शननेही एचडी काढलं. स्टार प्लससारखी हिंदी चॅनेल एचडीत आली २०११ च्या एप्रिलमध्ये. मग आम्हीही जुना बॉक्स देऊन एचडी बॉक्स घेतला, वर महिन्याला जास्तीचे पैसे. जाहिरातीत एचडी 'चॅनेल आणि सेवा' तीसच्या वर असल्याचं लिहिलं होतं. बाबांनी रिमोट घेऊन सगळे मोजले. वहीत नोंद आहे, "मोजले. प्रत्यक्ष १३. पैकी मराठी ०." कारण या रकान्यात, "लवकरच येतील."

हे 'लवकरच' पाच वर्षांचं निघालं.

'वरून प्रॉब्लेम' या उत्तराला मात्र कधीकधी खरोखरच अर्थ होता, हे मला आता कळलं. डीटीएचचं सगळं दुकान उपग्रहावर, आणि उपग्रहावरची जागा म्हणजे मुंबईतल्या जागेसारखी. जागेचा एक तुकडा म्हणजे ट्रान्सपॉन्डर. कंपनीने तो भाड्याने घ्यायचा, तोही थेट नाही, इस्रोच्या अँट्रिक्समार्फत. परदेशी उपग्रह हवा असला तरी रांग तीच. १० जुलै २००६ ला श्रीहरिकोट्याहून उडालेलं जीएसएलव्ही कोसळलं, त्यात इन्सॅट-४सी होता आणि त्यावर डीटीएचसाठीचे बारा केयू बँड ट्रान्सपॉन्डर. म्हणजे बारा खोल्यांची चाळ एका मिनिटात समुद्रात. ७ जुलै २०१० ला इन्सॅट-४बी च्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि त्याचे निम्मे, म्हणजे चोवीसपैकी बारा ट्रान्सपॉन्डर बंद करावे लागले. सन डायरेक्टचे ग्राहक त्यात सापडले, आणि हे फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य फेरीच्या आठवड्यात! कंपनीला मीसॅट-३ या मलेशियाच्या उपग्रहावर बिऱ्हाड हलवावं लागलं. घरोघरच्या छत्र्या इन्सॅटकडे तोंड करून होत्या, त्या आता फिरवायला माणूस पाठवायचा. विचार करा, किती गच्च्या, किती शिड्या.

त्यातून एचडी चॅनेल खादाड. एका एचडी चॅनेलच्या जागेत चार-पाच साधी चॅनेल बसायची. दाबून बसवायची नवी पद्धत (एमपेग-४) आली होती. पण ज्या कंपन्यांनी आधी धंदा सुरू केला त्यांचे लाखो जुने बॉक्स एमपेग-२ चे, त्यांना ही नवी पद्धत वाचताच येत नव्हती. सगळे बॉक्स बदलायचे तर खर्च, नाही बदलायचे तर जागा नाही. म्हणजे जो आधी आला तो अडकला, आणि मागून आलेल्यांना सोपं गेलं. एसटीत आधी चढून मागच्या सीटवर अडकण्यातला प्रकार.

आता कंपनीच्या खुर्चीत बसून विचार करा. जागा एकाच एचडी चॅनेलची उरली आहे. हिंदी सिनेमा टाकाल, इंग्रजी सिनेमा टाकाल, का मराठी मालिका? हिंदीचं गिऱ्हाईक देशभर, इंग्रजीचं गिऱ्हाईक कमी पण पैसेवालं. मराठीचा नंबर येतो तोवर जागा संपते. 'डिमांड नाही' या उत्तराचा खरा अर्थ हा होता. दुसऱ्या बाजूला वाहिनीवालेही म्हणणार, वितरक दाखवत नाहीत तर आम्ही एचडी काढून काय करू? कोंबडी आधी का अंडं, आणि मध्ये आमचे बाबा.

बाबांची एक शंका होती, ती वहीत दोनदा लिहिलेली आहे. "आपण या चॅनेलचे पैसे देतोच. मग त्याचंच स्वच्छ चित्र का नाही?" मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. उत्तर असं की सरकारी कागदावर एचडी चॅनेल म्हणजे वेगळंच चॅनेल. त्याची परवानगी वेगळी, करार वेगळा, किंमत वेगळी. नाव तेच, मालिका तीच, पण कागदावर सख्खा भाऊ नव्हे, शेजारी.

आणि नियम? ते वाचताना मला खरी गंमत कळली. २००४ सालच्या नियमाप्रमाणे, वितरकाने मागितलं तर वाहिनीने सिग्नल द्यायला हवा. पण वितरकाने मागायलाच हवं असं कुठे होतं? नव्हतं. २००९ मध्ये अशी सुधारणा झाली की ग्राहकाने पॅकेज घेतल्यापासून सहा महिने त्यातली चॅनेल बदलायची नाहीत. छान. पण हे झालं असलेल्या चॅनेलबद्दल. जे कधी नव्हतंच, त्याबद्दल ग्राहकाने कुठे जायचं? बाबांना प्रत्येक वेळी तक्रार क्रमांक मिळाला, आणि प्रत्येक वेळी दोन दिवसांनी एसएमएस आला की तक्रारीचं निवारण झाले आहे. कारण तक्रार अशी नव्हतीच. बिघाड असता तर माणूस आला असता. इथे बिघडलेलं काही नव्हतं. सगळं नियमाप्रमाणे चाललं होतं, फक्त चित्र नव्हतं.

नोव्हेंबर २०१३. या महिन्याच्या वहीत सात नोंदी आहेत. सचिनची शेवटची कसोटी, वानखेडे, १४ तारखेपासून. त्याच्या आठच दिवस आधी, ६ नोव्हेंबरला, ईएसपीएन आणि स्टार क्रिकेट ही नावं जाऊन सगळी स्टार स्पोर्ट्स १, २, ३, ४ आणि एचडी १, एचडी २ अशी झाली होती. नावं बदलली, नंबर बदलले, आणि आमच्या कंपनीकडे आम्हाला हवं ते एचडी चॅनेल नव्हतंच. सातव्या नोंदीत कॉल सेंटरमधल्या मुलाशी झालेलं बोलणं बाबांनी चक्क संवादासारखं लिहून ठेवलंय.

"सर, सॅटेलाइटवर जागा नाही."
"अरे बाळा, जागा कधी होईल?"
"लवकरच सर."
"तो परवा रिटायर होतोय."

पुढे आडवी रेघ.

मी तेव्हा बंगलोरला होतो, ऑफिसच्या कँटीनमध्ये मॅच बघत होतो, भिंतभर एचडीवर. १५ तारखेला तो ७४ वर बाद झाला. बाबांना फोन केला तर म्हणाले, "दिसला. जरा जाडा दिसला, पण दिसला." दुसऱ्या दिवशीचं त्याचं भाषण, त्या मैदानावर पहिल्यांदाच मुलाचा खेळ बघायला आलेली त्याची आई, हे सगळं त्यांनी त्या ताणलेल्या चित्रातच पाहिलं. मी म्हटलं, "बाबा, यूट्यूबवर येईल नंतर." त्यावर ते काहीच बोलले नाहीत. एखादा एचडी चॅनेल नसणं ही काय फार मोठी गोष्ट नाही, जगात किती दुःखं आहेत, हे मलाही कळतं. पण चाळीस वर्षं रेडिओ, मग ब्लॅक अँड व्हाइट, मग मुंग्या असलेलं रंगीत चित्र असं करत करत क्रिकेट पाहिलेल्या माणसाला एकदाच स्वच्छ चित्र हवं होतं, आणि त्याचे पैसे त्याने भरलेले होते. मी मात्र "सोडा ना" म्हणालो.

पुढच्या दोन-तीन वर्षांत खूप काही झालं. केबलचंही सक्तीचं डिजिटल झालं, मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेर, आमच्या पुण्यात मार्च २०१३ अखेर, मग छोटी शहरं आणि गावं असं करत २०१७ पर्यंत. नवे उपग्रह वर गेले, जीसॅट-१० हा २०१२ मध्ये, जीसॅट-१५ हा २०१५ मध्ये. बॉक्स बदलले. जागा हळूहळू सुटत गेली. २०१५ मध्ये बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. पट्टी निघाल्यावर घरी येऊन टीव्ही लावला आणि म्हणाले, "आता मला स्वच्छ दिसतंय, पण तुमच्या टीव्हीलाच मोतीबिंदू झालाय." हे वाक्य आमच्याकडे अजून वापरात आहे.

मग १ मे २०१६, महाराष्ट्र दिनाला स्टार प्रवाह एचडी आलं. त्याच वर्षी कलर्स मराठी एचडी, आणि वर्षअखेरीला झी मराठी एचडी, झी टॉकीज एचडी. हिंदीनंतर पाच वर्षांनी! आमच्याकडे ती लगेच दिसली का? छे. आधी पेपरात जाहिरात, मग वहीत पाच नोंदी, आणि मग कित्येक महिन्यांनी एका सकाळी अचानक, काही न सांगता, एक चॅनेल हजर. बाबांनी मला बंगलोरला फोन केला. "अरे, साडीचा काठ दिसतोय." आईला मालिकेत काय चाललंय यापेक्षा कोणी कुठली साडी नेसलीय यात जास्त रस, त्यामुळे तिच्यासाठी हे फार मोठं काम झालं होतं. वहीत त्या दिवशी लिहिलंय, "आले. कारण : कळले नाही." म्हणजे न येण्याचंही कारण नाही, आणि येण्याचंही नाही.

त्यानंतर पैशांची भांडणं. २०१८ च्या ऑक्टोबरात टाटा स्काय आणि सोनी यांचं दरावरून फाटलं आणि सोनीची बरीच चॅनेल ग्राहकांच्या पॅकमधून गेली. केबीसी बघणाऱ्यांनी किती फोन केले असतील! २०२३ च्या फेब्रुवारीत तर १८ तारखेपासून चार-पाच दिवस स्टार, झी आणि सोनी यांनी मोठ्या केबलवाल्यांचे सिग्नलच बंद केले होते. दोन्ही बाजू म्हणत होत्या की आम्ही हे ग्राहकांसाठी करतोय. ग्राहक काळा पडदा बघत होता.

मधल्या काळात ट्रायने एक मोठी गोष्ट केली होती. मार्च २०१७ मध्ये नवे नियम काढले आणि कोर्टकज्ज्यांनंतर ते २०१९ च्या सुरुवातीला प्रत्यक्षात आले. आता प्रत्येक चॅनेलची छापील किंमत, हवं तेच घ्या. मी सुट्टी काढून घरी आलो होतो तेव्हा बाबांबरोबर एक अख्खा रविवार यात घालवला. बाबांच्या दृष्टीने हा सणच. कोऱ्या कागदावर रकाने आखले. शंभर चॅनेलपर्यंत १३० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, झाले १५३ रुपये ४० पैसे. त्यावर चॅनेलांच्या किमती. बऱ्याच लोकप्रिय चॅनेलांनी १९ रुपये लावले, कारण गठ्ठ्यात घालायच्या चॅनेलसाठी तीच कमाल मर्यादा होती. आणि एक मेख. एक एचडी चॅनेल म्हणजे दोन साधी धरायची. एकाच चॅनेलचं साधं आणि एचडी रूप एका गठ्ठ्यात घालायलाही बंदी. बाबा खूश झाले. "आता कुठे हिशोब दिसायला लागला." संध्याकाळपर्यंत हिशोब झाला, आणि आधीपेक्षा साधारण चाळीस रुपये जास्त आला. :-) तरी बाबा म्हणाले, "असू दे. निदान कशाचे ते कळलं."

ते वाक्य तेव्हा मी नुसतं ऐकून सोडून दिलं होतं. वही पुन्हा वाचताना वाटलं, त्यांचं सगळं भांडण तेवढ्यासाठीच होतं. चॅनेल नाही यापेक्षा 'का नाही' हे त्यांना कोणी सांगत नाही, याचा त्यांना त्रास व्हायचा. आयुष्यभर सरकारी टेबलामागे बसून त्यांनी लोकांना नकार दिले होते, पण प्रत्येक नकाराखाली कारण लिहायचं आणि सही करायची, ही त्यांची शिस्त. इथे वाहिनी, वितरक, उपग्रहवाले, सरकार असे चौघे आपापसात करार करत होते आणि पाचवा फक्त पैसे भरत होता. त्या नव्या नियमांमध्ये वितरकाने आपली क्षमता किती आणि कुठल्या वाहिन्या रांगेत आहेत हे वेबसाइटवर जाहीर करावं असंही आहे. चांगलं आहे. पण ती रांग वाहिन्यांची. बघणाऱ्यांची रांग अजून कुठेच लागत नाही.

कॉल सेंटरमधल्या पोरांचाही मला आता राग येत नाही. बाबांना तर तेव्हाही येत नव्हता. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर जेवढं लिहिलेलं, तेवढंच ते वाचणार. एका नोंदीत बोलणाऱ्याच्या नावापुढे बाबांनी लिहिलंय, "मुलगा चांगला आहे. त्यालाही माहीत नाही."

आता तर सगळंच बदललं. एचबीओ आणि त्याचं एचडी डिसेंबर २०२० मध्ये आपल्याकडून गेलं, एएक्सएन त्याआधी जूनमध्येच. एवढी वाट पाहून आलेली चॅनेल, आली तशी गेली. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमाने फोनवर फुकट दाखवली, तीसुद्धा फोर-केमध्ये. २०२४ मध्ये ट्रायने त्या १३० रुपयांची मर्यादाही काढून टाकली. डीटीएचची घरं २०२० च्या सुमारास सात कोटींच्या आसपास होती, ती २०२५ मध्ये सहा कोटींच्या खाली आली. आमच्या गच्चीवर एकोणीसपैकी तीन. लोक भांडून गेले नाहीत, कंटाळून गेले. आणि गेले कुठे, तर अ‍ॅपकडे. तिथे तर सिनेमा काल होता आणि आज नाही, तरी विचारायला टोल-फ्री नंबरसुद्धा नाही. बाबांनी तिथे कुठला रकाना आखला असता कोण जाणे.

मध्यंतरी मी सचिनची ती शेवटची खेळी लॅपटॉपवर पुन्हा पाहिली. अगदी स्वच्छ. बारीक आहे हो तो! अर्धा डाव पाहिला आणि बंद केला. एकट्याने बघायची गोष्ट नाही ती.

असो. छत्री शेवटी त्या पोराला दिली. त्याने ती उचकटली तेव्हा खाली सिमेंटवर चार बोल्टांच्या खुणा राहिल्या होत्या, त्यावर आता वॉटरप्रूफिंग झालं. वही माझ्याकडेच आहे. चौथ्या रकान्यात मी पेन्सिलीने जमेल तेवढी कारणं लिहून ठेवली. आडव्या रेघांपैकी अकरा अजून शिल्लक आहेत.

तुमच्याकडे कोणी अशी वही ठेवत होतं का? असेल तर नक्की लिहा. आणि ताई, या वेळी तरी कमेंट दे, नुसतं फोनवर "वाचलं" म्हणू नकोस.